डाव्या बाजूचा ढोल

"परत वाच," हनुमान म्हणाला. "तेवढंच. हळू वाच."

प्रतिक्षाने पेपर पुन्हा डोळ्यांसमोर धरला. ही त्याची सून. डी.एड. होऊन सहा वर्षे झाली, नोकरीचा पत्ता नाही, म्हणून घरातले छापील सगळे तिच्याच वाट्याला येते. वीजबिल, आधारचे मेसेज, पत्रिका आणि आता हे.

"'ढोलताशाच्या कर्णकर्कश मोहाला ठाम नकार देऊन, साठीतल्या या कलावंताने केवळ एक वाद्य आणि प्रदीर्घ मौन यांच्या बळावर हा अल्बम उभा केला आहे. दोन सुरावटींच्या मधली ती पोकळी...'"

"थांब. ढोलाला काय दिलाय म्हनती?"

"ठाम नकार."

"कोनी?"

"तुमी, मामा."

हनुमानने चहाची कपबशी खाली ठेवली. समोर बाजेवर बसलेल्या रामकिशनकडे पाहिले. 'गुलाब बँजो पार्टी, हट्टा' या फलकाचा मालक तो. परभणीला कामाला गेला होता, तिथे कुणीतरी पेपर दाखवला, तर तो चार प्रती घेऊनच परतला होता. पुण्याच्या पेपराच्या रविवारच्या पुरवणीत हट्ट्याचे नाव! रामकिशन गालातल्या गालात हसत होता, जणू बँजो यानेच वाजवला.

"मास्तर, अर्धं पान हाये अर्धं पान. आमदाराला न्हाई भेटत एवढं."

"पण ढोल हाये ना त्याच्यात."

"कशात?"

"अल्बममदी. आठच्या आठ चिजांत परभ्याचा ढोल हाये."

रामकिशनने प्रतिक्षाकडे पाहिले. प्रतिक्षाने खाली पेपराकडे पाहिले. दोघांनी अल्बम ऐकला होता. ढोल दोघांनीही ऐकला नव्हता. आणि दोघांपैकी एकानेही महिनाभरात तोंड उघडले नव्हते, कारण मास्तराच्या मनात काय असेल ते आपण कोण विचारणार! आपल्याकडे मोठ्या माणसाचा मान असाच राखतात. त्याच्या धोतराला जाळ लागला तरी आधी वाकून नमस्कार करतात.

हनुमान गडदे एकतीस वर्षे बँजो वाजवत होता. टाइपरायटरसारखी बटणे आणि खाली ताणलेल्या तारा, गळ्यात पट्टा, त्यातून निघालेली वायर गाड्यावरच्या दोन भोंग्यांना. त्याने बोट ठेवले की अख्खी वरात धुळीसकट उचलली जायची. वसमत, औंढा, कळमनुरी, कुठल्याही गावात 'हट्ट्याचा बँजो' म्हटले की पोरी माळवदावर चढायच्या. त्याच्या डाव्या अंगाला कायम प्रभू पोले, गळ्यात ढोल. मेंढरामागे हिंडणाऱ्या घरातला माणूस, बापाचा ढोल बापाच्या माघारी याच्या गळ्यात आला. एकतीस वर्षांत दोघांनी जागा बदलली नाही. बैलजोडीतला उजवा बैल डावीकडे जुंपून पाहा, मग कळेल.

आता खरी गोष्ट अशी, की वरातीत हे दोघे जे वाजवत ते त्यांचे नव्हतेच. ते सिनेमाचे. नवरदेवाचा मावसभाऊ दारूच्या घमेंडीत जे सांगेल ते. यांचे जे होते ते वरात गेल्यावर. लग्नघरी पंगती उठतात त्या ठरलेल्या क्रमाने. आधी वऱ्हाडी, मग गावकरी, मग घरचे, मग आचारी, मग वाढपी आणि सगळ्यांत शेवटी बँडवाले. तोवर वरण संपलेले असते आणि बुंदीचा चुरा उरलेला असतो. त्या दोन-अडीच तासांत मांडवामागे, उष्ट्या पत्रावळींच्या ढिगाशेजारी, भोंग्याची वायर काढून दोघे आपले आपले वाजवत बसायचे. प्रभू दोन बोटांनी ढोलावर काहीतरी विचारायचा. हनुमान तारेवर त्याचा जबाब द्यायचा. मग प्रभू आणखी अवघड विचारायचा. कधी हनुमानला जबाब सुचायचा नाही, तर प्रभू हसत पुन्हा तेच, जरा सोपे करून विचारायचा. अशा एकतीस हंगामांत आठ चिजा घडल्या. नाव नव्हते त्यांना. अल्बम काढायचा ठरला तेव्हा नाव पडले, 'वरात गेल्यावर'.

वसमतला रामसिंगचा स्टुडिओ होता. पुढे लग्नाचे फोटो, मागे भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेली रेकॉर्डिंगची खोली. बँजोची वायर सरळ मशीनला, ढोलापुढे माईक. दोन दिवसांत आठही चिजा झाल्या. अल्बमच्या मुखपृष्ठावर फोटो एकाचाच बसत होता, तर प्रभू स्वतः म्हणाला, "हन्माचाच लाव. माहं थोबाड कोन बघतंय? मी ऐकू तर येनारच हाये."

हे वाक्य आता हनुमानच्या डोक्यात बसले आणि उठेना.

"प्रतिक्षा, ते कानातलं आन तुहं. दोन वायरींचं."

"आता काहून, मामा?"

"आन म्हनतो ना."

तिने इअरफोन आणला. त्याने तो तिच्याच कानांत घालायला लावला आणि पहिली चीज सुरू करायला सांगितली.

"उजव्या कानात काय येऊन राहिलं?"

"बँजो."

"डाव्या?"

तिने बोटाने इअरफोन आत दाबला, काढून पुसला, पुन्हा घातला. मग दोन्ही कानांतले अदलून बदलून पाहिले.

"डाव्यात काईच न्हाई, मामा. एका बाजूचंच वाजून राहिलं."

"चांगलं ऐक."

"काईच न्हाई. तुमी बघा." तिने इअरफोनचे एक बोंड त्याच्या डाव्या कानाशी नेले. हनुमान मान झटकून असा मागे सरला, की रामकिशनच्या हातातला चहा सांडला.

कारण डावा कान मेला होता. आठ वर्षे झाली. दोन भोंग्यांपैकी एक कायम त्याच्या डाव्या कानापासून हातभर अंतरावर, आणि त्या कानात तेवीस वर्षे ओतलेले सिनेमाचे गाणे. कान काही लोखंडाचा नव्हता. आधी शिट्टी वाजायची, मग शिट्टीही गेली. त्याने हे कुणाला सांगितले नव्हते. बायको सत्यशीलाला संशय होता. ती बाजूला झोपताना उजवीकडे झोपायला लागली आणि काही बोलली नाही. बाकी गावाला पत्ता नव्हता. लंगडा पुजारी चालतो, आंधळा गवई तर देवमाणूस ठरतो, पण बहिरा वाजंत्री म्हणजे दात पडलेला कुत्रा. रामकिशनला कळले असते, तर पुढच्या हंगामाला बँजो दुसऱ्याच्या गळ्यात.

स्टुडिओत हेच झाले होते. रामसिंगने हेडफोन घालून दिला आणि म्हणाला, "ऐका मास्तर, बराबर हाये का बघा." उजव्या कानात बँजो आला. ढोल आला नाही. हनुमानला वाटले, ढोल डाव्या बाजूला असेल, आपल्याला कुठून ऐकू यायचा! विचारले तर कानाचे बिंग फुटते. म्हणून त्याने मान डोलावली. "बराबर." पुढे घरी मोबाइलवर ऐकले तेव्हाही ढोल आला नाही. तेव्हा त्याने स्वतःला समजावले, की टिचभर डबड्यातून ढोलासारखा जड आवाज निघणार तरी कसा! माणसाला स्वतःला फसवायचे असले की अक्कल कुठूनही उसनी मिळते.

आणि प्रभू गेला महिनाभर फोन उचलत नव्हता. हनुमानला वाटत होते मेंढरे लांब गेली असतील.

*

दुसऱ्या दिवशी तो वसमतला गेला. रामसिंग कुणाच्या तरी नवरीचा फोटो कॉम्प्युटरवर गोरा करत बसला होता.

"रामसिंग, ढोल कुठं गेला?"

"कोन्ता ढोल?"

"माह्या अल्बममदला."

रामसिंगने फाईल लावली. लाल-हिरव्या दोन रेघा असतात, त्यातली एक नाचत होती. दुसरी मेल्यासारखी आडवी. रामसिंग तिच्याकडे बघत राहिला.

"आयला. ती बाजू आलीच न्हाई व्हय? केबल सुटली असन काढताना. पन मी तुमाला ऐकवलं व्हतं की. तुमी म्हनले बराबर."

"म्हनलो."

"मंग?"

हनुमानने स्टूल कॉम्प्युटरजवळ ओढले.

"बरं, मूळचं असंन ना तुह्याकडं. ढोलाचं अलग. त्याच्यातून परत काढ."

"मूळचं?" रामसिंग डोके खाजवू लागला. "मास्तर, मधात निवडनूक आली. अठ्ठावीस उमेदवारांची गानी केली. जागा लागती ना कॉम्प्युटरमदी. जुनं समदं उडवलं."

"उडवलं."

"तुमचं काम झालं व्हतं ना. तुमी बराबर म्हनले."

अठ्ठावीस उमेदवार. 'येऊन येऊन येणार कोण' असल्या अठ्ठावीस बोंबा ठेवायला जागा हवी म्हणून प्रभू पोल्याचा ढोल पुसला. त्या अठ्ठावीसपैकी सव्वीस पडले, ही एक गोष्ट हनुमानला बरी वाटली.

"पन मास्तर," रामसिंग म्हणाला, "एका बाजूचं असून बी पेपरात आलं. म्हंजे चांगलंच असन."

हनुमान उठला. स्टँडवर बस लागायला तासभर होता. तिथे बंटी भेटला. हट्ट्यातच डीजेची गाडी आहे त्याची, सोळा पेट्यांची. बंटी मनाने वाईट नाही, फक्त मोठ्याने बोलतो.

"मास्तर! पेपरात आले म्हनं. मी ऐकलो तुमचा अल्बम. अर्धी चीज ऐकलो."

"अर्धी काहून?"

"वाट बघत व्हतो ना बीट कवा येती. आलीच न्हाई. नाचावं कसं मान्सानं? मधीमधी तर चूपच. मला वाटलं नेट गेलं." तो हसला. "पेपरात लिवनाऱ्या बाईनं तुमाला रॉकस्टार म्हनलंय. रॉक म्हंजे म्हाईत हाये का? लै मोठ्यानं वाजवत्यात ते."

"मंग आमी एकतीस वर्सं काय कुजबुजत व्हतो?"

खरे म्हणजे साऱ्या गावात अकलेचे बोल बंटीचेच निघाले. एवढ्या लोकांत त्यालाच तेवढे जाणवले, की इथे काहीतरी यायला हवे होते आणि ते आले नाही. बाकीचे काय! हिंगोलीच्या साप्ताहिकाच्या संपादकाने फोन केला होता. "मास्तर, तुमच्या अल्बमवर तुमीच काहीतरी चांगलं लिहून पाठवा, आमी छापतो." आपली तारीफ आपणच लिहायची! हनुमानने पाठवले नाही, तर त्याने स्वतःच छापले, 'हट्ट्याच्या सुपुत्राची सातासमुद्रापार झेप', आणि खाली फोटो छापला कळमनुरीच्या सनईवाल्याचा. पाहुण्यांत विचारत होते, "गायलं कोन?" एका मेव्हण्याने व्हॉट्सअ‍ॅपवर नऊ वेळा हात जोडले, ऐकले एकदाही नाही. आणि यूट्यूबवर खाली कुणीतरी लिहिले होते, 'गाणे कधी सुरू होणार?'

आणि एक त्या पुण्याच्या पेपरात लिहिणाऱ्या बाई, रीता मॅडम. त्यांनी मात्र खरोखर ऐकले होते. चार वेळा. प्रत्येक चिजेतली प्रत्येक शांतता मोजून लिहिली होती, अकरा सेकंद, सात सेकंद, चौदा सेकंद. तिथे प्रभू विचारत होता. बाईंनी प्रभूचे सगळे प्रश्न घड्याळ लावून ऐकले होते आणि त्यांना मौन असे नाव दिले होते.

*

सत्कार हिंगोलीला होता, एका सांस्कृतिक मंडळाचा. निमंत्रणात अकरा वाजता लिहिलेले, म्हणजे एक. रीता मॅडम पुण्याहून यायच्या होत्या. आदल्या दिवशी सत्यशीलाने धोतर-टोपी कडक करून ठेवली. निघताना ती म्हणाली, "परभू भाऊजीला बोलावलंय का?"

"फोन घेत न्हाई तो."

"मी लावला व्हता जनकाबाईला." जनकाबाई म्हणजे प्रभूची बायको. प्रभू आता साखऱ्याला सासुरवाडीच्या रानात राहत होता, मेंढरे आणि बकऱ्या घेऊन. "ती म्हनली, अल्बम आला त्या दिवशी जावयानं मोबाइल लावला व्हता. समदी सोयरी बसली व्हती ऐकायला. आठ गानी संपली. मंग जावई म्हनला, 'मामा, तुमी कुठं हाव याच्यात?'"

हनुमानने टोपी डोक्यावर ठेवली, काढली, पुन्हा ठेवली.

"आता तितं काय बोलायचं ते बघा," सत्यशीला म्हणाली. ती त्याच्या उजव्या बाजूला उभी होती. "एक कान ऱ्हायलाय. एक तोंड बी हाये अजून."

म्हणजे तिला माहीत होते.

हॉल अर्धा भरला होता. पहिल्या रांगेत रामकिशन, नवा शर्ट घालून. त्याच्याशेजारी पार्टीतले चौघे. दीपप्रज्वलन झाले, ज्यांची भाषणे होणार नाहीत असे सांगितले होते त्यांची भाषणे झाली. मग रीता मॅडम उठल्या. पन्नाशीच्या, साध्या सुती साडीतल्या, आवाज मऊ. त्या चांगले बोलल्या, हे कबूल केले पाहिजे. म्हणाल्या, सगळे आयुष्य गर्दीसाठी वाजवलेला माणूस जेव्हा एकटा बसतो, तेव्हा तो गर्दी वजा करतो, आणि उरते ते ऐकायला धाडस लागते. लोक टाळ्या वाजवत होते. हनुमान व्यासपीठावर उजवा कान त्यांच्याकडे करून बसला होता. शब्दन् शब्द ऐकला आणि त्याला दरदरून घाम फुटला, कारण ते सगळे त्याला आवडत होते. जन्मात कुणी त्याच्याबद्दल असे बोलले नव्हते. पाहुण्यांनी 'ए बँजो' म्हणून हाका मारल्या होत्या. गप्प बसायचे, शाल घ्यायची, घरी जायचे. कान झाकला, पोट राहिले, वर नाव झाले. आणखी काय हवे असते माणसाला?

माईक त्याच्यापुढे आला.

"मला बोलता येत न्हाई," तो म्हणाला. "वाजवता येतं तेवढं. मॅडमनं लिवलं, मी ढोलाला नकार दिला. मी दिला न्हाई. ढोल व्हता. प्रभू पोले, माहा जोडीदार. समदं आमी दोघांनी वाजवलं. वायर सुटली अन् त्याची बाजू आलीच न्हाई. तुमी जितं शांत शांत म्हनता, तितं तो वाजवून राहिला व्हता."

हॉलमध्ये दोघे-तिघे हसले. विनोद समजून.

"अन् मला ते कळलं न्हाई, कारन माहा डावा कान जाऊन आठ वर्सं झाली. मी बहिरा हाये एका अंगानं. मी ऐकलं न्हाई, अन् बराबर म्हनलो. ही चूक रामसिंगची न्हाई, माही हाये."

त्याने रामकिशनकडे पाहून हे सांगितले. रामकिशनचे तोंड उघडे होते.

मग काय झाले माहिताय? टाळ्या झाल्या. आधीपेक्षा जोरात. सूत्रसंचालकाने माईक ओढून घेतला आणि गहिवरून म्हणाला, "पाहा मंडळी, ही विनम्रता! श्रेय जोडीदाराला देण्याचं हे मोठेपण! बहिरेपणावर मात करून..." शाल आली, नारळ आला, फोटोसाठी हनुमानला इकडे बघा, तिकडे बघा झाले. माणूस छातीवरचा दगड उचलून लोकांपुढे ठेवतो आणि लोक त्याला शेंदूर फासतात. यांच्यापुढे खरे बोलायचे तरी कसे, ते कुणीतरी एकदा सांगा.

एकट्या रीता मॅडम टाळ्या वाजवत नव्हत्या. जिन्याखाली त्यांनी त्याला गाठले.

"खरं आहे हे?"

"व्हय."

"चौदा सेकंदांची जागा आहे, पाचव्या चिजेत. तिथेही?"

"तितं तर लै वाजवलाय त्यानं. ती समदी चीज त्याचीच. मी मधून मधून हूं म्हनलोय फकस्त."

त्यांनी बोटांवर काहीतरी मोजले. मग म्हणाल्या, "मग मी ऐकलं ते काय?"

हनुमानला त्यांची कीव आली आणि रागही आला. "तुमी फोनवर बोलनाऱ्या मान्साचं एका बाजूचं ऐकलं, मॅडम. तिकडून कोन काय बोलतंय ते सोडून."

"मी दुरुस्ती छापते पुढच्या रविवारी."

"छापा. पन ढोल छापता येतो का?"

बाहेर पडताना रामकिशन आला. खांद्यावर हात ठेवला, उगीच डाव्या कानाशी वाकला, मग आठवण होऊन वळसा घालून उजवीकडे आला. "मास्तर, यंदाच्या हंगामाला तुमी आराम करा. तुमची तब्येत म्हंजे... समजून घ्या. तारखा बी कमीच हायेत."

"समजलं," हनुमान म्हणाला. एकतीस वर्षांचा हिशोब एवढ्या शब्दांत आटोपला. पण खोटे बोलणार नाही, पायऱ्या उतरताना त्याला हलके वाटत होते. लुटलेला माणूस रस्त्याने निवांत चालतो तसे.

*

सेनगावच्या काळीपिवळीत तो शाल अंगावर तशीच घेऊन बसला. नरसीला चार बायका उतरल्या, त्यातल्या एकीने तो कुणी महाराज समजून पायाला हात लावला. आज कुणाला काही समजावून सांगायची ताकद उरली नव्हती.

साखऱ्याच्या शिवारात पोहोचला तेव्हा ऊन कलले होते. लिंबाखाली वाघूर, म्हणजे जाळ्याचा वाडा, लावलेली, दुपारभर चरून आलेल्या बकऱ्या आत. जनकाबाई शेळीची धार काढत होती.

"या भाऊजी," ती म्हणाली, पण उठली नाही. "बसा. ते तिकडं हायेत."

प्रभू बकऱ्यांना सरकी घालत होता. पाठमोरा. आणि सरकी ज्यात घालत होता ते हनुमानने पाहिले. दोन्ही तोंडांचे कातडे काढलेला ढोल. उभा चिरून दोन अर्धे केलेले, बापाच्या हाताचे आंब्याचे लाकूड, पितळी कड्या तशाच. दोन गव्हाणी झाल्या होत्या. बकऱ्या आत मुंडकी घालून खात होत्या.

"परभ्या."

प्रभूने वळून पाहिले. शाल पाहिली, नारळ पाहिला.

"झाला का सत्कार?"

"झाला."

"लाकूड चांगलं व्हतं," प्रभू गव्हाणीकडे बोट दाखवत म्हणाला. "वाया कशाला घालवायचं?"

हनुमान खाली बसला आणि सगळे सांगितले. वायर, स्टुडिओ, अठ्ठावीस उमेदवार, पुण्याच्या बाई, कान. प्रभू ऐकत होता. रामसिंगच्या गोष्टीपाशी त्याला राग आला नाही, बाईंपाशी आला नाही. कानापाशी मात्र त्याने हातातले टोपले खाली ठेवले.

"कवापासून म्हनतो तू?"

"आठ वर्सं."

"डावा?"

"व्हय."

"मी डाव्या अंगाला असतो तुह्या."

हनुमानने मान खाली घातली.

"म्हंजे आठ वर्सं तू माहा ढोल ऐकलाच न्हाई?"

"मांडवामागं ऐकायचो. थोडाथोडा, फिरून यायचा या कानात. वरातीत न्हाई. भोंग्यापुढं काईच न्हाई."

"मंग वाजवत कसा व्हता? एकदा बी चुकला न्हाईस तू."

"तुह्या खांद्याकडं बघून."

एका बकरीने दुसरीला ढुशी दिली, प्रभूने तिला शिंगाला धरून बाजूला केले.

"मला सांगायचं तरी," तो शेवटी म्हणाला. "साऱ्या दुनियेला न्हाई सांगायचं, बराबर. पोटाचा सवाल हाये. मला काहून न्हाई? मी काय तुह्या पोटावर पाय देनार व्हतो, आं? महिनाभर मी असा बसलोय, की हन्मानं मला पुसलं. जावयापुढं मान वर करता येईना. अन् हा बहिरा भाड्या तिकडं खुशाल, ढोल हाये म्हनून!"

"शिव्या दे."

"देऊन राहिलो ना. आता तरी ऐकू येतंय का?"

"येतंय. उजव्यानं."

जनकाबाई दुधाची कासंडी घेऊन उठली. जाता जाता म्हणाली, "पुरं झालं आता. चहा ठेवते. मले तर तवाच वाटलं व्हतं, भाऊजी असं करनार न्हाईत. पन ढोल चिरून मोकळे झाले हे, इचारलं कुठं मले?" तिने हनुमानच्या हातातला नारळ घेतला, गव्हाणीच्या पितळी कडीवर आपटून फोडला आणि एक भकल दोघांच्या मधे ठेवले.

"परत करू आपन," हनुमान म्हणाला. "दुसरा ढोल घेऊ. समदं परत वाजवू."

"त्या चिजा त्याच ढोलाच्या व्हत्या," प्रभू म्हणाला. एवढेच. रडकुंडीला येऊन नाही, साखर नाही घरात असे सांगावे तसे.

चहा झाला. बोलणे संपले. सावल्या बकऱ्यांच्या पायांतून पलीकडे गेल्या. प्रभू एका गव्हाणीला टेकून बसला होता, हात तिच्या कडेवर. त्याच्या नकळत दोन बोटे हलायला लागली. लाकडावर, अगदी हळू, टिक, टिक-टिक. पाचव्या चिजेतले विचारणे. बकरीने मान वर केली, कान हलवले, पुन्हा सरकीत तोंड घातले.

हनुमान प्रभूच्या उजव्या अंगाला बसला होता, नेहमीच्या जागी. तो उठला. गुडघ्यावर हात देऊन, शाल सावरत, बकऱ्यांच्या मागून वळसा घालून पलीकडे गेला आणि प्रभूच्या दुसऱ्या बाजूला जमिनीवर बसला.

प्रभूची बोटे थांबली. "आता काय झालं?"

"काई न्हाई. वाजव."

प्रभूने पुन्हा सुरुवात केली, पहिल्यापासून. जबाब द्यायची जागा आली आणि गेली. हनुमान ऐकत होता.